सांगलीत घराचा प्लॅन करून घेतला: ऑफिसचा अनुभव, आणि नकाशा नक्की कोणाचा

नव्या घरात राहायला येऊन वर्ष होत आलं, म्हटलं आता लिहावं. आमचा प्लॉट शामरावनगरमध्ये, दोन गुंठे, पश्चिमेला रस्ता. प्लॅन, इलेव्हेशन (घर समोरून कसं दिसेल ते चित्र), महापालिकेची मंजुरी, वर्किंग ड्रॉइंग (साइटवर काम करायला लागणारी मापांची चित्रं) सगळं विश्रामबागच्या एका आर्किटेक्ट मॅडमच्या ऑफिसकडून करून घेतलं. ऑफिसचं नाव इथं टाकत नाही कारण पुढं जे झालं त्यात आमच्याच गल्लीतली माणसं आहेत आणि ती वाईट नाहीत, उगाच ओळख पटायला नको. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पण सांगते.

मॅडमकडं जायच्या आधी आम्ही मोबाईलवर बघून एका ऑनलाइनवाल्याकडून २,९९९ रुपयांत प्लॅन घेतला होता. दोन दिवसांत पीडीएफ आली, रंगीत, थ्रीडी चित्रासकट, सासूबाईंना तर लई आवडला. पण जोतं, म्हणजे रस्त्यापासून घराच्या फरशीची उंची, किती, तर दीड फूट. शामरावनगरात दीड फूट! २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णेचं पाणी ५७ च्या वर गेलेलं, २०२१ ला परत पाणी, आणि नुसता जोराचा पाऊस झाला तरी इकडं रस्त्यावर पाणी तुंबतं, हे त्या प्लॅन काढणाऱ्याला कुठनं कळणार. मी फोन करून विचारलं की हा प्लॅन अजून कोणाला दिलाय का, तर म्हणाला पैसे भरलेत म्हणजे तुमचाच. महिन्याभरात तेच चित्र दुसऱ्या एका पेजवर दिसलं, खाली नाव भलत्याचंच. ते पैसे गेलेच.

मॅडम पहिल्याच भेटीत म्हणाल्या आधी जागा बघू. पावसाळ्याचे दिवस, चिखल, तरी आल्या, आणि आमचा प्लॉट बघायच्या आधी शेजारच्या काकांच्या कंपाउंडच्या भिंतीकडं गेल्या. भिंतीवर पुराच्या गाळाची पिवळट रेघ अजून होती, ती नखानं खरवडून बघितली, टेप लावला आणि उंची वहीत लिहून घेतली. मग काकांना विचारलं पाणी कुठल्या बाजूनं आलं, किती दिवस होतं, आधी कुठनं उतरलं. मला तिथंच पटलं की काम यांनाच द्यायचं. जोतं रस्त्यापासून साडेचार फूट ठेवलं, मीटर आणि खालच्या मजल्यावरची सगळी बटणं नेहमीपेक्षा वर घेतली. पश्चिमेचं ऊन म्हणून समोर खोल सिटआऊट (बसायचा व्हरांडा) आणि त्याला विटांची जाळी, एक वीट आडवी, एक अर्धी बाहेर काढलेली, दुपारी चारला त्या जाळीची सावली पायऱ्यांवर पडते आणि पाय भाजत नाहीत. माझ्या अख्ख्या घरात ती जाळी मला सगळ्यात आवडते.

फी चौरस फुटाला ५५ रुपये, १,६५० चौरस फुटांचे ९०,७५० झाले. काम सुरू करायच्या आधी चार पानी करारपत्र दिलं आणि त्यातच आमची पहिली वादावादी झाली. एका कलमात लिहिलेलं की सगळ्या ड्रॉइंगची मालकी आणि कॉपीराइट आर्किटेक्टकडं राहील, क्लायंटनं ती या एकाच प्लॉटवर या एकाच घरासाठी वापरायची. आमचे मिस्टर तिथंच उठले, म्हणाले नव्वद हजार आम्ही द्यायचे आणि प्लॅन तुमचा, हा कुठला न्याय. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, घर तुमचं, नकाशा माझा. घराचं काय पण करा, नकाशाचं दुसरं घर करू नका."

मी पतसंस्थेत काम करते, कागद वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही, म्हणून घरी येऊन कायदाच वाचायला घेतला. १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्यात प्लॅन हा कलाकृतीत धरलाय, चित्र, नकाशा, आराखडा सगळं त्यातच, आणि तो कलात्मक असला काय नसला काय फरक पडत नाही, म्हणजे साध्या दोन खोल्यांच्या प्लॅनला पण हक्क आहेच, आणि तो आर्किटेक्टनं काढला की डिप्लोमा झालेल्या इंजिनियरनं याचाही संबंध नाही. नोंदणी केलीच पाहिजे असं पण नाही, कागदावर उतरला की हक्क सुरू, काढणारा असेपर्यंत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं. ऑफिसातल्या पगारी पोरानं काढला असेल तर हक्क ऑफिसचा.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते कलम १७ चं. पैसे देऊन फोटो काढून घेतला, पोर्ट्रेट करून घेतलं, तर वेगळं काही ठरलं नसेल तेव्हा मालक पैसे देणारा. पण त्या यादीत घराचा प्लॅन नाही! म्हणजे लग्नाचा फोटो पैसे देणाऱ्याचा आणि घराचा नकाशा काढणाऱ्याचा. तो आपल्या नावावर पाहिजे असेल तर तसं लेखी, सही करून घ्यावं लागतं, तोंडी बोलण्याला काही अर्थ नाही, आणि त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाचच वर्षं धरतात (कलम १९, हे नीट वाचा). मॅडमनी कलम स्वतःच्या मनानं घातलेलं नव्हतं, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे आर्किटेक्ट लोकांची नोंदणी करणारी संस्था, तिच्या अटींमध्येच आहे की ड्रॉइंग आर्किटेक्टची राहतात आणि तोच प्लॅन दुसरीकडं परत वापरायचा तर वेगळी फी.

मग आम्ही भांडण्याऐवजी तीन गोष्टी करारात घालून मागितल्या. पुढं मुलगा वरचा मजला चढवेल तेव्हा मॅडमच पाहिजेत असं नाही, दुसऱ्या कोणाकडून पण याच ड्रॉइंगवर करता यावं. सगळ्या ड्रॉइंगचा सही-शिक्क्याचा एक सेट कायमचा आमच्याकडं. आणि काम मधेच थांबलं तर तोपर्यंतची फी देऊन ड्रॉइंग घेऊन याच प्लॉटवर घर पुरं करायची मोकळीक. तिन्ही त्यांनी काही न कुरकुरता लिहून दिल्या. सासूबाईंनी चौथी विचारली, पुरात पडलंच तर परत बांधायला यांनाच विचारायचं का? त्याची गरजच नाही, परवानगीनं बांधलेलं घर त्याच मूळ नकाशावर परत उभं करायला कायद्यातच सूट आहे. आणि उद्या मला जाळी नको झाली तर? मॅडमनी दिल्लीचं उदाहरण दिलं, प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स २०१७ ला पाडला, तो ज्यांनी डिझाइन केलेला ते राज रेवाल हायकोर्टात गेले आणि २०१९ ला कोर्टानं सांगितलं की इमारतीचा मालक ती पाडू शकतो, आर्किटेक्टला अडवता येणार नाही. तेव्हा मिस्टरांना पण पटलं.

आता मूळ प्रकार. आमचा स्लॅब टाकून चार महिने झाले होते. एक दिवस सकाळी दूध घेऊन येताना तीन प्लॉट पलीकडं नवीन काम चाललंय तिथं बघितलं तर माझी जाळी. तीच आडवी वीट, तीच अर्धी बाहेर. पायऱ्या तेवढ्याच, सिटआऊट तेवढाच, खिडकीवरचा छज्जा पण तोच. दुधाची पिशवी हातात तशीच आणि मी रस्त्यात उभी. काय वाटलं ते सांगता येत नाही, आपल्या पोराचे कपडे दुसऱ्याच्या अंगावर दिसावेत तसं काहीतरी. ठेकेदार आमचाच. विचारलं तर म्हणाला, "वहिनी, त्यात काय एवढं, प्लॅन चांगला होता म्हणून दिला की, तुमचं काय कमी झालं का?" साइटवर असलेल्या आमच्या सेटचे त्यानं मोबाईलवर फोटो काढून ठेवले होते आणि त्या लोकांकडून प्लॅनचे म्हणून २५ हजार वेगळे घेतले होते. त्या बिचाऱ्यांना वाटलं ठेकेदाराच्या इंजिनियरनंच काढलाय.

आणि नुकसान त्यांचंच जास्त झालं हो. त्यांच्या प्लॉटला रस्ता पूर्वेला. प्लॅन तसाच्या तसा फिरवून ठेवलेला, त्यामुळं उन्हासाठी केलेली जाळी सकाळच्या कोवळ्या उन्हाकडं तोंड करून बसलेली आणि मागचं स्वयंपाकघर, जे आमच्याकडं पूर्वेला गार असतं, ते त्यांच्याकडं पश्चिमेला गेलं, मोठी उघडी खिडकी, वर छज्जा नाही, एप्रिलमध्ये तिथं दुपारी उभं राहवलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे ठेकेदारानं फुटिंगची (खांबाखालच्या पायाची) मापं पण आमच्याच ड्रॉइंगवरनं घेतलेली. आमच्याकडं काळी माती, पावसात फुगणारी उन्हाळ्यात भेगा पडणारी, तिचा रिपोर्ट काढून आरसीसीवाल्यांनी, म्हणजे पाया-खांबांचं डिझाइन करणाऱ्या इंजिनियरनी, खोली ठरवली होती. त्यांच्या प्लॉटवर निम्म्या भागात भराव. एका प्लॉटचं फुटिंग दुसऱ्या प्लॉटला कसं चालेल? कॉपीराइट बाजूला ठेवा, ह्यात जीवाचा प्रश्न आहे.

मी तावातावानं मॅडमकडं गेले, काम बंद पाडा म्हणून. तिथं कळलं की बांधकाम सुरू झाल्यावर कोर्टाकडनं ते थांबवून घेता येत नाही आणि पाडायला पण लावता येत नाही, कलम ५९, नुकसानभरपाई मागता येते. आणि ती मागायचा हक्क माझा नाही, मॅडमचा. हे ऐकून आधी राग आला, नंतर विचार केला की हक्क माझ्याकडं असता तर मी काय केलं असतं, नोकरी सांभाळून वकील शोधत बसले असते. मॅडमनी ठेकेदाराला आणि त्या घरमालकांना लेखी पत्र पाठवलं, आणि घरमालकांना चहाला बोलावलं. दादा-वहिनी दोघं आले, वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, आम्हाला माहीतच नव्हतं म्हणाल्या. ठेकेदारानं २५ हजार परत केले, ते मॅडमनी त्या घरासाठी फी म्हणून धरून घेतले, आरसीसीवाल्यांना नेऊन भरावाच्या बाजूचं फुटिंग तपासून वाढवून घेतलं, स्वयंपाकघराला छज्जा काढून दिला. माझ्या सांगण्यावरून त्यांची जाळी पण बदलून दिली, उभ्या विटांची केली, आणि खरं सांगते त्यांच्या घराला ती शोभते.

आता एक स्टार कुठं गेला. इलेक्ट्रिकचं ड्रॉइंग प्लास्टरच्या तोंडावर आलं, तोवर वायरमन दोनदा येऊन परत गेला, त्याची हजेरी आम्ही भरली. साइटवर मॅडम ठरल्यापेक्षा कमी वेळा आल्या, असिस्टंट मुलगा यायचा, चांगला होता पण निर्णय घ्यायचा नाही, फोन लावून विचारायचा. कॅडची फाइल (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग बदलता येतं ती) मागितली तर दिली नाही, पीडीएफ आणि प्रिंट दिल्या. त्यांचं कारण आता मला कळतं पण मुलाला मजला चढवताना दुसऱ्याला परत सगळं काढावं लागणार, तेव्हा निदान त्या कामापुरती फाइल मिळेल असं करारात लिहून घ्यायला हवं होतं, ते आमच्याकडनं राहिलं. आणि सगळ्यात मोठी तक्रार, करार इंग्रजीत. नव्वद हजारांचा कागद सासूबाईंना वाचता आला नाही, मला एकेक ओळ सांगावी लागली. मराठीत द्या म्हणून सांगितलंय.

माझा मावसभाऊ अमेरिकेत आहे, तिकडं तयार प्लॅन विकत मिळतात पण पावतीबरोबर लायसन्स येतं, या प्लॅनवर एकच घर, दुसरं बांधायचं तर परत पैसे. १९९० पासून तिथं बांधलेल्या इमारतीच्या डिझाइनला पण वेगळं संरक्षण आहे. आपल्याकडं ऑनलाइन प्लॅन घेताना असा कागद कोण मागतं? मागा. प्लॅन कोणी काढला त्याचं नाव, किती घरं बांधायची परवानगी, आणि आधी कोणाला दिलाय का, तिन्ही लेखी. ठेकेदार "प्लॅन आपल्याकडं आहे, फुकट देतो" म्हणाला तर शीटच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट बघा, तिथं प्लॉट नंबर, मालक आणि काढणाऱ्याची सही असते. त्या दादांना मिळालेल्या झेरॉक्सवर नेमका तोच कोपरा कापलेला होता.