घराण्यात भुलेचा धोका असेल तर: रक्ताची तपासणी की स्नायूची?

ऑपरेशन टेबलावर अंग एकाएकी तापलं, स्नायू लाकडासारखे ताठरले, असं घरात कुणाचं झालं असेल तर भूलतज्ज्ञांना पहिली शंका येते 'मॅलिग्नंट हायपरथर्मिया'ची. सेव्होफ्लुरेनसारखे भुलेचे गॅस आणि स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिनचं इंजेक्शन यांनी तो उसळतो. आईवडिलांपैकी एकात त्याचा जनुकीय दोष असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मागची भूल सुखरूप उतरली म्हणून निर्धास्त होऊ नका; दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही तो उसळू शकतो.

जनुकीय तपासणीला नुसतं रक्त लागतं, नमुना दुसऱ्या गावी पाठवता येतो. शोध मुख्यतः आरवायआर-१ या जनुकातला. दोष सापडला तर प्रश्न मिटला, स्नायूला हात लावायची गरज नाही. पण 'सापडला नाही' म्हणजे 'नाही' नव्हे, कारण धोका असलेल्या सगळ्याच कुटुंबांत तो या जनुकात सापडत नाही. असा रिपोर्ट हातात घेऊन निश्चिंत झालेल्या माणसांची मला खरंच काळजी वाटते.

'नाही' हे भरवशाचं उत्तर स्नायूकडूनच मिळतं. मांडीतून तुकडा काढतात, त्याच्या बारीक पट्ट्या दोऱ्यानं द्रावणात टांगतात आणि हळूहळू कॅफीन किंवा हॅलोथेन (भुलेचाच एक गॅस) वाढवत नेतात. दोष असलेली पट्टी थोड्याशा मात्रेतच आवळते. युरोपीय पद्धतीत २ मिलिन्यूटन (बळाचं अगदी छोटं माप) ताण ही दोषाची खूण. स्नायू जिवंत हवा, सुमारे ५ तासांत सगळं उरकायला हवं. त्यामुळे नमुना पाठवून भागत नाही, माणसालाच त्या केंद्रात जावं लागतं. अशी केंद्रं जगात मोजकीच. वर टाके, व्रण; आणि लहान मुलांवर ही तपासणी करतच नाहीत.

माझं मत: आधी रक्त, तेही ज्याला त्रास झाला त्याचंच. त्याच्यात दोष सापडला, तर बाकीच्यांत नेमका तोच शोधता येतो. काहीच सापडलं नाही, तर मांडीचा विचार करा.

ऑपरेशन तातडीचं असेल तर दोन्ही राहू द्या, भूलतज्ज्ञांना घरातली हकीकत सांगा. १९६० साली मेलबर्नमध्ये डेनबरो आणि लव्हेल यांनी हा आजार प्रथम नोंदवला तो अशाच हकीकतीवरून: पाय मोडलेला २१ वर्षांचा तरुण पायापेक्षा भुलेला घाबरत होता, कारण त्याचे दहा नातेवाईक भुलेत गेले होते. शिरेतून द्यायचं भुलेचं औषध प्रोपोफॉल चालतं, कमरेतली भूलही चालते. या आजारावरचं औषध डँट्रोलिन हाताशी आहे का, तेवढं ऑपरेशनआधीच विचारून ठेवा.