सव्वा वर्ष वापरल्यावर: पिकअप गेला, टर्बो मात्र ठणठणीत होता

ताम्हिणी चढताना तिसऱ्या गिअरवर गाडीचा दमच गेला. पेडल तळाला टेकवलं तरी आरपीएम अडीच हजारांच्या वर जाईना, मागे काळा धूर, समोर इंजिनाचा पिवळा दिवा. बंद करून चालू केली की थोडा वेळ ठीक, पुढच्या चढाला पुन्हा तेच. डिझेल फोर बाय फोर घाटात अशी रखडली की जीव तुटतो.

सेकंड हँड गाडी, वॉरंटी संपलेली. सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर पी०२९९ कोड निघाला आणि लगेच सांगितलं: टर्बो बदला, ६८ हजार. त्या कोडाचा अर्थ एवढाच की इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दाब कमी पडतोय. का पडतोय, ते शोधायला कुणी बोनेटखाली वाकलंसुद्धा नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

नऊशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर आणला. इंजिन बंद असताना इनटेकचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब ९५ केपीए (किलोपास्कल). पुण्याच्या उंचीला बाहेरच्या हवेचा दाब तेवढाच असतो, म्हणजे सेन्सर बरोबर. कात्रजच्या चढाला मुलगा शेजारी बसून आकडे वाचत होता. १३० च्या पुढे काही सरकेना. मित्राच्या तशाच गाडीत, त्याच चढाला, २१०. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, मात्र नीट चढत होतं. माझा पहिला संशय डिझेल फिल्टरवर होता, तो तिथेच फिटला.

गॅरेजवाले काका म्हणाले, "साहेब, आधी पाइप बघू." टर्बोचा शाफ्ट (मधला दांडा) बोटांनी हलवून पाहिला, ढिला नाही, म्हणजे टर्बो ठणठणीत. मग टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजला (पाइपला) खालून हात घातला. क्लॅम्पजवळ तेलकट ओल, त्यावर धुळीचा थर. पाइप वाकवला तर दोन बोटं लांबीची चीर उघडली. गाडी उभी असताना आत दाब नसतो, चीर मिटलेली राहते; चढाला टर्बोची हवा तिथूनच बाहेर.

होज आणि दोन क्लॅम्प मिळून २,१५० रुपये. आता कात्रजला २०५ दिसतात.

"ही गाडी घेऊ नका" असं मी दोन महिन्यांपूर्वी लिहिलं होतं, ते मागे घेतो. एक तक्रार मात्र कायम: घाटासाठी बनवलेल्या गाडीत टर्बोचा दाब दाखवणारं बूस्ट गेज का नाही? काटा समोर असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. होज ब्रॅकेटला घासतो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय, आणि दर पाच हजार किलोमीटरला खालून हात फिरवून बघतो.