आई-बाबांसाठी काय: लॅबचं पॅकेज की जेरियाट्रिक तपासणी?

लॅबच्या पॅकेजमध्ये सकाळी माणूस घरी येतो, दोन-तीन ट्यूब रक्त नेतो, संध्याकाळपर्यंत मोबाइलवर पीडीएफ येते. जेरियाट्रिक, म्हणजे वृद्धांसाठीच्या, ओपीडीत पाऊण-एक तास मोडतो आणि पेशंटला तिथवर न्यावं लागतं. त्यामुळे बहुतेक घरांत पॅकेजच घेतलं जातं.

जाहिरातीतल्या ‘७० टेस्ट’वर जाऊ नका, एकट्या सीबीसीतच (रक्तपेशींच्या मोजणीत) वीसेक आकडे असतात. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सोडियम, बी-१२ यांसाठी पॅकेज चांगलं. पण ४० किलो वजनाच्या ७८ वर्षांच्या आजींचं क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, मूत्रपिंडाचं काम जोखणारा घटक) ०.९ आलं, तर रिपोर्ट म्हणतो ‘नॉर्मल’. स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी. वय-वजन धरून कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राचं गणित मांडलं तर क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त साफ करण्याचा वेग, मिनिटाला जेमतेम ३२ मिली निघतो, आणि काही औषधांचे डोस कमी करावे लागतात. हे गणित पीडीएफमध्ये सहसा नसतं.

आता ओपीडी. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. रोजची काठी चालते. ती काढून ठेवायला लावली तर चाचणी फुकट. मग पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी, उभं केल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर रात्री बाथरूमला जाताना चक्कर का येते ते कळतं. घाईच्या ओपीडीत नुसतं बसवून बीपी घेतात आणि नेमकं हेच निसटतं.

स्मरणशक्तीसाठी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढायला लावतात. कानाचं यंत्र घरी राहिलं की शब्दच ऐकू येत नाहीत, आणि विनाकारण डिमेन्शियाची शंका येते. शिवाय आंघोळ, कपडे, जेवण स्वतःचं स्वतः होतं का, हेही विचारतात. तिथे आजोबांना बोलू द्या. मुलं मध्येच उत्तरं देतात.

सर्वांत जास्त निघतं ते औषधांच्या पिशवीतून. यादी नको, सगळ्या स्ट्रिप्स न्या, आयुर्वेदिक आणि गुडघेदुखीच्या गोळ्यांसकट. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी दिलेलं एकच औषध तिथेच सापडतं.

गेल्या वर्षात पडणं, सहा महिन्यांत ५ टक्के वजन घटणं, पाच किंवा जास्त औषधं, विसराळूपणा, यांतलं एक जरी असेल तर आधी ओपीडी. रक्ताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच. यातलं काहीच नसेल तर साधं पॅकेज पुरतं, मात्र ट्यूमर मार्कर (कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या रक्ततपासण्या) असलेलं महागडं घेऊ नका: लक्षणं नसताना ते नुसती धावपळ वाढवतात. मधुमेह्याला उपाशी ठेवायचं असेल तर सकाळचा पहिला स्लॉट मागा, आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा.