हनीवेल पीटीएम ७९५०: तापणाऱ्या गेमिंग लॅपटॉपला पेस्टपेक्षा ही शीट बरी

माझ्या लॅपटॉपमध्ये आय७-१०७५०एच प्रोसेसर आणि आरटीएक्स २०६० ही ग्राफिक्स चिप आहे. जड गेम लावला की प्रोसेसर थोड्याच वेळात ९७-९८ अंशांवर जाऊन बसायचा. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश. तिथे पोचली की चिप जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवते, आणि ऐन लढाईत फ्रेम्स गडगडतात. चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलली की हे थांबायचं, पण काही महिन्यांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी हनीवेलची पीटीएम ७९५० ही शीट बसवली. आता बराच काळ वापरून झालीये, म्हणून सविस्तर लिहितोय.

पेस्ट घेताना जो तो पाकिटावरचा उष्णतावहनाचा आकडा (वॅट प्रति मीटर-केल्विन, जितका मोठा तितकी उष्णता सहज वाहते) बघतो. एकीवर ८.५, दुसरीवर १२.५, म्हणजे दुसरी भारी! जरा हिशेब करून बघा. चिपचा पृष्ठभाग दीड चौरस सेंटिमीटर धरा, उष्णता ४५ वॅट आणि पेस्टचा थर ३० मायक्रॉन. ८.५ वाल्या पेस्टमध्ये या थरापायी साधारण १ अंशाचा फरक पडतो, १२.५ वालीत ०.७ अंशाचा. वॅट दुप्पट केले तरी दोघींमधलं अंतर एका अंशाच्या आतच राहतं. आता तोच थर पेस्टऐवजी हवेचा असेल तर? हवेचा आकडा आहे ०.०२६ च्या आसपास. म्हणजे पेस्ट किती भारी यापेक्षा ती जागेवर टिकते का, हाच खरा प्रश्न.

आणि लॅपटॉपमध्ये ती टिकत नाही. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, इथे उघड्या सिलिकॉनवर हीटसिंकचं तांबं थेट टेकलेलं असतं. तांबं सिलिकॉनच्या सुमारे सहापट प्रसरण पावतं. गेम सुरू झाला की दोन्ही फुगतात, बंद केला की आकसतात, आणि दर वेळी मधली पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. याला पंप-आउट म्हणतात. मी एक नावाजलेली, मऊसूत पसरणारी पेस्ट वापरत होतो. हीटसिंक उचलला तेव्हा चिपच्या मधोमध आरशासारखं लख्ख सिलिकॉन दिसत होतं आणि पेस्टची राखाडी कड चारही बाजूंनी साचली होती. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये याची चाहूल आधीच लागते: प्रोसेसरच्या सगळ्या कोअर्सवर (आतल्या स्वतंत्र गणनकेंद्रांवर) सारखा भार असताना एक कोअर ८३ वर आणि दुसरा ९७ वर दिसला, की मधे कुठेतरी पेस्ट उरलेली नाही असं समजा.

पीटीएम ७९५० ही पेस्ट नाही. पाव मिलिमीटर जाडीची मेणासारखी शीट आहे, दोन्ही बाजूंना प्लास्टिकची फिल्म. ४५ अंशांच्या आसपास ती वितळते, दाबाखाली पातळ होते, बारीकसारीक खाचांमध्ये शिरते आणि थंड झाली की पुन्हा घट्ट होते. वितळल्यावरही ती इतकी दाट राहते की सहसा बाहेर ढकलली जात नाही. कंपनी हिचाही आकडा ८.५ च देते, आणि तरीही लेनोवोच्या काही लीजन लॅपटॉपमध्ये ती कारखान्यातूनच येते.

बसवायला हात स्थिर हवा, बाकी अवघड काही नाही. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा. शीट थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर फिल्म सोलताना ती फिल्मसोबतच उचलली जाते. चिपपेक्षा केसभर मोठा तुकडा कापा, एक फिल्म काढून चिपवर ठेवा, बोटाने दाबा, मग चिमट्याने दुसऱ्या फिल्मचा कोपरा पकडून अगदी आडवा ओढा. माझ्याकडून ग्राफिक्स चिपवर एक कोपरा फाटला. तिथे छोटा तुकडा ठेवला, वितळल्यावर सगळं एकजीव झालं. हीटसिंकवर स्क्रूंचे क्रमांक छापलेले असतात, त्याच क्रमाने थोडं थोडं पिळत जा. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारे मऊ तुकडे) शाबूत असतील तर त्यांना हात लावू नका. नवे घालावे लागले तर जाडी तीच ठेवा, अर्धा मिलिमीटर जाड पॅडही हीटसिंकला चिपवरून उचलून धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

पहिल्याच टेस्टवरून मत बनवू नका. शीट काही वेळा तापून निवावी लागते, मगच ती नीट बसते. माझ्याकडे तोच गेम, तोच फॅन मोड ठेवून प्रोसेसर ८६-८७ वर स्थिरावला, ग्राफिक्स ८४ वरून ७६ वर आलं आणि कोअर्समधला फरक चार-पाच अंशांवर. सगळ्यात मोठा आनंद हा की महिने उलटले तरी आकडे तिथेच आहेत. फॅनचा आवाज मात्र फारसा कमी झाला नाही. शीट उष्णता हीटसिंकपर्यंत नेते, पुढे ती बाहेर टाकणं फॅनचं काम. जाळीत धूळ अडकली असेल तर आधी ती काढा.

लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टच्या जागी लावायचा द्रवरूप धातू? थर्मल ग्रिझलीच्या कंडक्टोनॉटचा आकडा ७३ आहे आणि आसुसच्या काही आरओजी लॅपटॉपमध्ये लिक्विड मेटल कारखान्यातूनच येतं. पण त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खाऊन टाकतं, थेंब ओघळून बोर्डवर गेला तर शॉर्ट. रोज बॅगेत हिंदकळणाऱ्या मशीनमध्ये मी ते घरी करणार नाही, कुणाला सुचवणारही नाही. शीट मिळतच नसेल तर आर्क्टिक एमएक्स-६ सारखी घट्ट पेस्ट घ्या. घट्ट पेस्ट पातळ पेस्टपेक्षा जास्त काळ जागेवर राहते. चिप उघडी असल्याने ती कोपऱ्यांपर्यंत पसरवा, मधोमध थेंब ठेवून भागत नाही.

शीटची उणी बाजूही आहे. हीटसिंक एकदा उचलला की ती पुन्हा वापरू नका, नवा तुकडा घाला. नकली मालही बराच फिरतो, त्यामुळे विकणारा माल कुठून आणतो हे विचारूनच घ्या. आणि पुढे कधी हीटसिंक काढायचा झाला तर आधी लॅपटॉप थोडा वेळ चालवून कोमट करा, मग बंद करून लगेच उघडा. थंड शीट दोन्हीकडे घट्ट चिकटलेली असते, तशीच ओढली तर चिपचा कोपरा उडू शकतो.