पाच नंबरचा रॉड, रबराचं जाळं आणि तीर्थनचे ट्राउट : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, मग पुराण. गेल्या ऑगस्टात फ्लाय फिशिंगचं सामान घेतलं तेव्हा सगळ्यात जास्त पैसे आणि झोप मी रॉडवर घालवली. आज पुन्हा घ्यायची वेळ आली तर रॉड निम्म्या किमतीचा घेईन, आणि रबराचं जाळं मात्र पहिल्याच दिवशी.

मी राहतो पुण्यात, आजोळ गुहागरकडचं. मे महिन्यात मामाबरोबर खडपावर गरवायला जायचं, हे माझं मासेमारीचं शिक्षण. तंगूस, शिसं, गरी, आमिषाला कोळंबी, आणि मिळेल तो मासा संध्याकाळी तव्यावर. त्यामुळे केस-पिसं गुंडाळलेल्या खोट्या माशीने मासा पकडायचा आणि तो सोडून द्यायचा, हे मामाला अजून पटलेलं नाही. "भाच्या, एवढं विमानाने जाऊन रिकाम्या हाताने येतोस?" हा प्रश्न प्रत्येक फेरीनंतर ठरलेला.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या नेहमीच्या गळात शिशाचं वजन पुढे जातं आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. इथे उलटं. माशीला वजनच नसतं, म्हणून दोरीच जाड आणि जड असते आणि फेकायची असते ती दोरी. रॉडवर जो नंबर लिहिलेला असतो तो या दोरीच्या वजनाचा. पाच नंबर म्हणजे दोरीचे पहिले 30 फूट 140 ग्रेन, साधारण 9 ग्रॅम. माझा रॉड 9 फुटी, पाच नंबर, चार तुकड्यांचा. रॉड, रीळ आणि दोरी मिळून 31,000 रुपये गेले, त्यातले 19,000 एकट्या रॉडचे. ब्रँड लिहीत नाही, कारण या मापाचे बरेच रॉड नवशिक्याच्या हातात सारखेच वागतात आणि फरक कळण्याइतका माझा हात अजून तयार झालेला नाही.

सप्टेंबरभर सोसायटीच्या मैदानावर सराव केला. माशीच्या जागी लोकरीचा लाल गोंडा. पहिल्या आठवड्यात वॉचमनने दोनदा विचारलं की पतंग कुठंय. सरावातून एकच गोष्ट शिकलो, पण ती मोलाची: जोर लावला की दोरी पायाशी कोसळते. मागे फेकल्यावर दोरी सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे. हे थांबणंच जमत नाही. मला अजूनही दहातल्या तीन फेकींना जमत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात गेलो. दिल्लीहून मनालीची रात्रीची बस, औटच्या बोगद्यापाशी उतरायचं, तिथून जीपने बंजार आणि पुढे गुशैणी. हिमाचलात ट्राउटची मासेमारी 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, कारण थंडी ही त्यांची अंडी घालायची वेळ. त्यामुळे पावसाळ्यानंतरचं निवळलेलं पाणी आणि बंदी यांच्यामध्ये जेमतेम महिनाभर सापडतो. मामाला हे कळावं म्हणून मी म्हटलं, आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होडी घालत नाहीत ना, तसंच. तेवढं त्याला पटलं. मत्स्यखात्याचं परमिट लागतं, ते वाटाड्याने काढून दिलं.

आता तो मासा. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या धोंड्यामागच्या संथ पाण्यात माझा पहिला ब्राउन ट्राउट लागला. वीतभराहून थोडा मोठा, पिवळट अंग, काळे आणि तांबडे ठिपके. माझ्याकडे तेव्हा साधं, गाठींचं नायलॉन जाळं होतं, 400 रुपयांचं. मासा त्यात गुंतला. सोडवला, कोरड्या हाताने धरला आणि वाटाड्याला फोन दिला. फोन लॉक. पासवर्ड सांगितला. मग ऊन चुकीच्या बाजूला. मग एक उभा, एक आडवा. सगळं मिळून पाऊण मिनीट गेलं असेल, जास्तच. पाण्यात सोडला तर मासा उलटा, पांढरं पोट वर.

वाटाड्या एक शब्द बोलला नाही. वाकून त्याने मासा शेपटीच्या मुळाशी अलगद धरला, तोंड प्रवाहाकडे केलं आणि तसाच बसून राहिला. मला वाटायचं माशाला पाण्यात मागे-पुढे हलवावं लागतं. तसं करायचं नाही. पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यांतून बाहेर, याच दिशेने जायला हवं, मागे ओढलं की उलट होतं. चार-पाच मिनिटांनी शेपटी हलली आणि तो गेला. जगला की पुढच्या वळणावर मेला, कोण जाणे. मग वाटाड्या म्हणाला, "सर जी, अगली बार फोटो पानी में."

परत आल्यावर वाचलं. कॅनडात इंद्रधनुषी ट्राउटवर केलेला एक प्रयोग 1992 मध्ये प्रसिद्ध झाला होता. मासे पूर्ण दमेपर्यंत पळवले आणि नंतर काहींना हवेत धरलं. हवेत न धरलेल्यांपैकी 12 तासांनंतर 88 टक्के जिवंत होते. 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 62 टक्के. एक मिनीट धरलेल्यांपैकी फक्त 28 टक्के. प्रयोगशाळेतले मासे नदीतल्यापेक्षा जास्त दमवलेले असतात हे मान्य, पण माझा पाऊण मिनिटाचा फोटो फोनमध्ये अजून आहे आणि तो मी कोणालाही दाखवत नाही.

त्या फेरीनंतर सामानात जे बदल केले, खरा अनुभव त्यांचाच.

पहिलं अर्थातच जाळं. रबराचं, गाठी नसलेलं, मोठ्या भोकांचं, 2,600 रुपये. जड आहे, पाठीवर अडकवलं की झुडपांत अडकतं आणि ओलं झालं की अर्धा किलो वाढल्यासारखं वाटतं. पण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर नायलॉनच्या गाठींनी खरवडला जातो, पर फाटतात, आणि तो थर म्हणजे त्याचं रोगांपासूनचं कवच. रबरात तसं होत नाही. शिवाय माशी जाळ्यात गुंतत नाही, नाहीतर एका हातात तडफडणारा मासा आणि दुसऱ्या हाताने जाळ्यातून गळ काढणं चालू. आता मासा जाळ्यातच, पाण्यात बुडालेला राहतो. मी हात ओले करतो, चिमट्याने गळ काढतो, जाळं तिरकं करतो. बऱ्याच माशांना माझा हातही लागत नाही.

दुसरं, गळाच्या टोकामागचा उलटा दात. हा बदल फुकट आहे. साध्या पक्कडीने तो दात दाबून सपाट करायचा, बस. भीती अशी वाटते की मासे निसटतील. माझा हिशोब: ऑक्टोबरात दातासकट सात मासे लागले, दोन सुटले. मार्चात दात दाबून अकरा लागले, तीन सुटले. दोरी ताणलेली ठेवली तर फारसा फरक पडत नाही. आणि एक फायदा मला स्वतःला झाला. मार्चात वारा मागून होता, माझी फेक नेहमीप्रमाणे घाईची, आणि माशी थेट माझ्या उजव्या कानाच्या पाळीत. वाटाड्याने एका झटक्यात काढली, एक थेंब रक्त. दात असता तर बंजारच्या दवाखान्यात कान कापून घ्यायला बसलो असतो.

तिसरं टिपेट, म्हणजे दोरीच्या टोकाचा सगळ्यात बारीक तंगूस. याचा नंबर उलटा चालतो, नंबर मोठा तर तंगूस बारीक. 11 मधून नंबर वजा केला की जाडी इंचाच्या हजारांशात मिळते. सुरुवातीला नितळ पाणी म्हणून 6X वापरला, 0.13 मिलिमीटर. मासा चटकन घेतो, पण तुटेल या भीतीने आपण त्याला हळूहळू खेळवत बसतो. खेळवणं आपल्याला मजेचं वाटतं, मासा मात्र प्रत्येक मिनिटाला जास्त दमतो. आता 4X लावतो, 0.18 मिलिमीटर, आणि शक्य तितक्या लवकर आणतो. काही मासे बघून परत फिरतात. फिरू देत.

चौथी वस्तू 350 रुपयांचा थर्मामीटर. दोऱ्याने बांधून पाण्यात सोडायचा. ट्राउट थंड पाण्याचा मासा, 20 अंशांच्या वर पाणी गेलं की पकडून सोडलेला मासा सावरणं कठीण. तीर्थनला मार्चात सकाळी 7 अंश मिळाले, ऑक्टोबरात दुपारी 13. म्हणजे तिथे मला तो मासा वाचवायला उपयोगी पडला नाही, पण 7 अंशांत मासे तळाशी सुस्त बसतात हे कळलं आणि वर तरंगणारी माशी काढून खोल बुडणारी फेझंट टेल लावली. त्याआधीचे तीन तास कोरडे गेले होते.

रॉडबद्दल एवढंच: चांगला आहे. तीर्थनचे बहुतेक मासे 20 ते 30 सेंटिमीटर, त्यांच्यासाठी चार नंबर जास्त मजेचा झाला असता. पण पाच नंबरने वूली बगरसारखी मोठी, ओली माशीही फेकता येते, आणि मेच्या फेरीत तेच लागलं. मेमध्ये जाऊ नका, हे जाता जाता सांगतो. बर्फ वितळून नदी राखाडी, फुगलेली. दोन दिवसांत दोन बारके मासे आणि एक सर्दी.

रीळ साधं आहे, या आकाराच्या माशांना दोरी गुंडाळायलाच लागतं. त्यावर जास्त खर्च करू नका. दोरीवर करा. माझी पहिली दोरी मीच मारली. डास पळवायचं डीट असलेलं मलम हाताला चोळलं आणि त्याच हाताने दोरी धरली. डीट प्लॅस्टिक विरघळवतं. दोन फेऱ्यांत पुढच्या तीन मीटरवर भेगा पडल्या आणि तरंगायची दोरी बुडायला लागली. नवी 4,800 रुपयांची. आता मलम मनगटाच्या वर आणि मागच्या बाजूने.

विमानात रॉडची नळी हातसामानात नेता येईल का, हे समोरच्या माणसावर अवलंबून. जाताना पुण्याच्या विमानतळावर सोडली, परतताना दिल्लीच्या विमानतळावर चेक-इन करायला लावली. माश्यांचा डबा आणि पक्कड पहिल्यापासूनच मोठ्या बॅगेत टाका, गळ दिसले की चर्चा लांबते. नदीत उतरायच्या बुटांचे तळ परत येताना घासून, पूर्ण वाळवून मगच दुसऱ्या पाण्यात न्या. एका नदीतलं शेवाळ आणि रोग दुसरीत नेणारी वाहनं म्हणजे आपलेच बूट.

हिवाळ्यात काय केलं, तर जुन्नरजवळ मित्राच्या शेततळ्यावर चिलापी. पाव इंची हिरवी माशी, दर तिसऱ्या फेकीला मासा. फेक सुधारली ती तिथेच. आणि हो, चिलापी सोडली नाही. ती परदेशी आहे, शेततळ्यात प्रमाणाबाहेर झाली होती, काकूंनी हिरव्या मसाल्यात केली. मग कोणी विचारतं, ब्राउन ट्राउट तरी कुठे इथला? बरोबर आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कुलूत आणला, आणि मूळच्या स्नो ट्राउटला त्याचा त्रास होतो असंही अभ्यासक म्हणतात. माझ्याकडे याचं नीटनेटकं उत्तर नाही. तीर्थनच्या काठची कितीतरी घरं पाहुण्यांवर चालतात आणि त्यातले बरेच पाहुणे ट्राउटसाठी येतात, म्हणून मी तिथे सोडतो. ज्याला खायचा असेल त्याने परमिटाच्या मर्यादेत खावा, माझी तक्रार नाही. माझी तक्रार सोडायचा म्हणून अर्धमेला करून सोडण्याबद्दल आहे, आणि पहिली स्वतःबद्दलच.

आमच्या सह्याद्रीतल्या खडशीवर, म्हणजे महसीरवर, हा रॉड घेऊन जायचा विचार मात्र केलेला नाही. एक तर पाच नंबरने मोठा खडशी आवरता आवरता तो दमून मरेल. दुसरं, महाडजवळच्या वाळण कोंडीत लोक पिढ्यान्‌पिढ्या या माशांना देवीचे मानून जपत आलेत. तिथे मी एकदा कुरमुरे घेऊन गेलो होतो. हाताएवढे मासे काठाशी येऊन तोंड वर काढतात. मला तेवढं पुरलं.

पुढची फेरी ऑक्टोबरात. त्याआधी नवी दोरी रिळावर चढवायची आहे आणि बुटाच्या तळाचे दोन खिळे बदलायचेत. जाळं सध्या गॅलरीत खिळ्याला टांगलेलं आहे. परवा मामा आला होता, त्याने ते खाली काढून दोन्ही बाजूंनी ताणून बघितलं आणि म्हणाला, "हे बरं आहे रे. कुर्ल्यांना चालेल." मी दिलं नाही.