टोनीबॉक्स: लांबच्या प्रवासात मुलांच्या हाती द्यावा असा डबा

तीन ते सहा-सात वर्षांचं मूल घेऊन गाडीने लांब जायचं असेल, तर टोनीबॉक्स घ्याच, असं मी सांगेन. आमच्याकडे तो धाकटीसाठी आला आणि आता तो घेतल्याशिवाय ती गाडीत चढत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जर्मनीत 2016 साली बाजारात आलेला हा छोटा चौकोनी डबा. बाहेरून मऊ कापड, वर दोन कान. त्याच्या डोक्यावर बोटभर उंचीची बाहुली ठेवली की गोष्ट सुरू होते, उचलली की थांबते. बाहुली लोहचुंबकाने धरलेली असते. मोठा कान दाबला की आवाज वाढतो, छोटा दाबला की कमी होतो. एका बाजूला चापट मारली की गोष्टीचा पुढचा भाग, दुसऱ्या बाजूला मारली की मागचा. पडदा नाहीच. चार वर्षांच्या मुलीला हे एकदा दाखवलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. सीटला बांधलेली असतानाही दोन्ही गुडघ्यांत डबा धरून ती तो स्वतःच चालवते. ‘आई, पुढचं लाव ना’ हा धोशा बंद झाला.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. माझ्या लहानपणी गाडीत कॅसेट असायची. गोष्ट सगळे मिळून ऐकायचो, पण कोणती लावायची, बाजू कधी उलटायची, हे पुढच्या सीटवरचे ठरवायचे. 1979मध्ये वॉकमन आला, 1989मध्ये गेमबॉय, आणि यंत्र मुलांच्या हातात गेलं. त्याबरोबर मागच्या सीटवरचं प्रत्येक मूल आपापलं वेगळं झालं. गेमबॉयच्या पडद्याला आतून उजेड नव्हता. अंधार पडला की खेळ थांबायचा आणि गप्पा, भेंड्या सुरू व्हायच्या. पुढे सीटमागे डीव्हीडीचे पडदे आले, 2010पासून आयपॅड आला, आणि रात्रीही मान वर करायचं कारण उरलं नाही. टोनीबॉक्समध्ये चालवणारं मूल असतं आणि ऐकणारे सगळे असतात. गोष्टीतला कोल्हा विहिरीत पडला की माझा मुलगाही मध्येच बोलतो, ‘आता बकरी येणार बघ!’ तो आठ वर्षांचा आहे, तरी कान तिकडेच असतात.

त्याला गाडी लागते, हेही सांगायला हवं. टॅबलेटवर डोळे खिळले की डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, पण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग हलणं, वळणं टिपत राहतो. या ओढाताणीतून मळमळ सुरू होते. ऐकताना नजर खिडकीबाहेर राहते आणि त्याला बराच आराम पडतो.

आता कमी काय ते. कंपनीच्या तयार गोष्टी इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा भाषांत आहेत, मराठीत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे स्वतःचा आवाज भरता येतो ती बाहुली, क्रिएटिव्ह टोनी. तिच्यात 90 मिनिटांचं ध्वनिमुद्रण मावतं आणि ते फोनवरच्या अ‍ॅपमधून भरायचं असतं. आम्ही आजीच्या गोष्टी भरल्या. एका गोष्टीत राक्षस दार ठोठावतो, तेवढ्यात आजी म्हणते, ‘थांब हं, चष्मा पुसते.’ मी ते काढून टाकणार होते, धाकटीने काढू दिलं नाही. आता त्या जागी ती आजीबरोबर तेच वाक्य म्हणते, आणि मग राक्षस. तयार बाहुल्यांपेक्षा आमच्याकडे हीच जास्त वाजते. मराठी घरांनी डब्याबरोबर पहिली हीच घ्यावी.

दुसरं, गोष्ट बाहुलीच्या पोटात नसते. बाहुली पहिल्यांदा ठेवली की गोष्ट वायफायवरून डब्यात उतरते. त्यानंतर इंटरनेट लागत नाही. म्हणून नवी बाहुली रस्त्यात उघडून देण्याचा बेत करू नका, आदल्या रात्री घरीच एकदा ठेवून पूर्ण उतरू द्या. पहिल्या पिढीचा डबा भिंतीतल्या प्लगच्या स्टँडवरच चार्ज होतो, त्यामुळे तोही रात्रीच भरून ठेवावा. कंपनी सात तासांपर्यंत चालेल असं सांगते. हेडफोन लावायची सोय आहे, पण आम्ही ते घरीच ठेवतो. आणि बाहुल्यांसाठी झिपची पिशवी घ्या, कारण बाहुली सीटखाली गेली की गाडी बाजूला घेईपर्यंत ती गोष्ट ऐकता येत नाही.