‘क्वचित वापरलेला कार्बाइड सेट’ म्हणून काय गळ्यात मारतात

पिस्तुलाची काडतुसं घरी भरायला कायद्याने मुभा आणि हातात परवाना असलेला माणूस जुनं सामान शोधू लागला की जाहिराती एकाच साच्यातल्या दिसतात. ९ × १९ मिमीचा तीन डायचा (काडतुसाचं कवच घडवणाऱ्या साच्यांचा) कार्बाइड सेट, क्वचित वापरलेला. सोबत डाय बसवायची प्रेस, डिजिटल काटा, पिशवीभर ‘एकदाच उडवलेल्या’ पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी कवचं) आणि थोडी बंदुकीची दारू. घ्या आणि सुरू करा. अशाच एका व्यवहारात काय निघालं, ते पुढे आहे. त्यातली एकही वस्तू मोडकी नव्हती, सगळं चालत होतं. म्हणूनच तर ते खपलं.

पहिली गोम साइझिंग डायमध्ये, म्हणजे उडवून फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या डायमध्ये. सरळ भिंतीच्या पिस्तुल पुंगळीला कार्बाइड डायमध्ये वंगण लावावं लागत नाही, साध्या पोलादी डायमध्ये लावावंच लागतं. किंमत कार्बाइडची घेतात आणि डबीत पोलादी डाय घालतात. ओळखायला डाय उलटी धरून तोंडाशी उजेड पाडावा. कार्बाइडची कडी वेगळी बसवलेली असते, तिचा सांधा आणि वेगळी चमक डोळ्यांना दिसते. सोनेरी झाक असेल तर तो टायटॅनियम नायट्राइडचा लेप. तोही चांगलाच असतो, पण ती कार्बाइडची कडी नव्हे. पोलादी डायमध्ये कोरडी पुंगळी घातली की ती आत अडकते, आणि जोर लावला तर शेल होल्डर (पुंगळीचा तळ धरणारा तुकडा) तिची रिम, म्हणजे तळाची कड, उपटून बाहेर येतो.

कडी खरी असली तरी ती तडकलेली नाही ना, हे बघावं लागतं. कार्बाइड कठीण असतं तितकंच ठिसूळही. शेल होल्डर कडीवर आदळेल इतकी खाली डाय बसवली, की आज ना उद्या चीर पडणारच. कागदाच्या जाडीची फट ठेवायची असते. अशी डाय विकणारा तिचे फोटो नेहमी बाजूने काढतो, तोंडाचा कधीच नाही. चार-पाच पुंगळ्या साइझ करून पाहाव्यात. प्रत्येकीवर उभा ओरखडा उमटत असेल तर आत चीर आहे, नाहीतर धातूचा कण रुतला आहे. कण निघतो, चिरेवर इलाज नाही.

खरा धोका मात्र दुसऱ्या डायमध्ये होता, आणि तिकडे कुणी बघतच नाही. एक्स्पांडरचा दट्ट्या पुंगळीचं तोंड आतून ठरावीक मापाला उघडतो. ९ मिमीची जॅकेट (धातूचं आवरण) असलेली गोळी ०.३५५ इंच, म्हणजे ९.०२ मिमी, दट्ट्या तिच्यापेक्षा सुमारे ०.०५ मिमी बारीक हवा, तरच पितळ गोळीला घट्ट धरतं. शिशाच्या जाड गोळ्या भरणारे हा दट्ट्या मुद्दाम काढून मोठा बसवतात. त्यात चूक काही नाही. पण विकताना ते सांगायचं नाही आणि वर ‘क्वचित वापरलेला’ म्हणायचं, ही लबाडी. तशा डायमध्ये भरलेलं काडतूस दिसायला अगदी बरोबर असतं. पिस्तुलात ते मॅगझिनमधून वर चढताना फीड रॅम्पवर, म्हणजे नळीकडे नेणाऱ्या उतारावर, आपटतं, आणि गोळी आत सरकते. पिस्तुलाच्या पुंगळीत जागा मुळातच कमी. गोळी थोडी जरी आत गेली तरी दाब झपाट्याने चढतो.

कॅलिपरने दट्ट्या मोजायला मिनिटही लागत नाही. त्यावर आणखी एक चाचणी: प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि दारू न घालता डमी काडतूस बनवावं, लांबी मोजावी, गोळीचं टोक लाकडी बाकावर अंगठ्यांच्या जोराने दाबावं आणि पुन्हा मोजावं. लांबी कमी झाली तर सेट परत. क्रिंप, म्हणजे गोळीभोवती दाबलेलं पुंगळीचं तोंड, जास्त आवळून हे भागतं असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नये. जादा क्रिंपने गोळी चेपते, पितळ मागे उसळतं आणि पकड उलट ढिली होते.

तिसऱ्या डायमध्ये क्रिंप कोणता आहे तेही विचारावं. ९ मिमी किंवा .४५ एसीपीचं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) पुंगळीच्या तोंडावर टेकतं, म्हणून त्याला तोंड न वळवता नुसतं दाबणारा टेपर क्रिंप लागतो. रिव्हॉल्व्हरचा रोल क्रिंप तोंड आत वळवतो आणि ती टेकण्याची कडच जाते.

प्रेसचं थोडक्यात. बहुतेक डायचा आटा ७/८ इंच, इंचाला १४ फेरे. पण डिलनच्या स्क्वेअर डील बी प्रेसला तिच्याच मापाच्या डाय लागतात, आणि हे न सांगता ती विकली जाते. शेल होल्डरचे क्रमांकही कंपनीगणिक बदलतात: ९ मिमीला आरसीबीएसचा १६, लीचा १९, हॉर्नडीचा ८. ‘सोबत होल्डर दिला आहे’ एवढ्यावर विसंबू नये.

काट्याची फसवणूक जास्त चलाख. ०.०१ ग्रॅम अचूकतेचा दागिन्यांचा काटा ‘०.१ ग्रेनचा’ म्हणून खपवतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, त्यामुळे या काट्याची एक पायरीच सुमारे ०.१५ ग्रेनची होते. दारू कणाकणाने घालत आकडे बघावेत: ०.२ वरून ०.३, मग थेट ०.५. मधला ०.४ गायब असेल तर काटा दशांश दाखवतो, मोजत नाही. शिवाय असे बरेच काटे हळूहळू पडणारं वजन शून्याचा चढउतार समजून गिळून टाकतात. काटा तपासायचं ठरावीक वजन (चेक वेट) नसेल तर हे कळतही नाही. पिस्तुलाच्या भरणीत दारू इतकी कमी असते की थोडी चूकही मोठी ठरते.

पुंगळ्या वजनावर घेतल्या तर लोहचुंबक फिरवावा. पितळी मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या लगेच चिकटतात. .३८० एसीपीच्या पुंगळ्या ९ मिमीत हमखास मिसळलेल्या असतात; त्यांची लांबी १७.३ मिमीच्या आत, ९ मिमीची १९.१५ पर्यंत. आत डोकावल्यावर मधोमध एका भोकाऐवजी बाजूला दोन दिसली तर ती बर्डान प्रकारची पुंगळी. तिच्यात जुना प्रायमर ढकलून काढणारी डिकॅपिंग पिन वाकते किंवा मोडते. रिमवर एक्स्ट्रॅक्टरचे (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याचे) तीन-चार ओरखडे असतील आणि नवा प्रायमर बोटाच्या दाबाने आत जात असेल, तर ‘एकदाच उडवलेली’ हे थाप आहे.

दारू-प्रायमरच्या टंचाईत उगवणाऱ्या वेबसाइट हा वेगळाच उद्योग. सगळीकडे संपलेला माल त्यांच्याकडे भरपूर, भाव पडलेला, घरपोच फुकट. ही धोकादायक मालात मोडणारी वस्तू. ती पाठवण्याचे नियम आणि शुल्क वेगळं, फुकट पोच परवडत नाही. पैसे गिफ्ट कार्डावर किंवा क्रिप्टोत मागितले की तिथेच थांबावं. पार्सल येणार नाही.

आणि त्या सेटबरोबर आलेला सील तुटलेला दारूचा डबा. लेबल काहीही असो, आत तीच दारू आहे हे रंगावरून किंवा दाण्यावरून ठरवता येत नाही. वेगवेगळ्या वेगाने जळणाऱ्या दारू दिसायला सारख्या असतात. फुकट मिळाला तरी तो भरणीच्या टेबलावर येऊ देऊ नये. परवानाधारक विक्रेत्याकडे विल्हेवाटीसाठी द्यावा.